ओढ्यातलं गवत छाटा, पण उपटू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की झऱ्याच्या पाण्यावर वाहणाऱ्या ट्राउट माशाच्या ओढ्यात गवत बेसुमार माजलंय, गळ टाकला की दर वेळी मासा नाही तर हातभर हिरवं वर येतं, तेव्हा मशीन लावून एकदाचं सगळं साफ करून टाका. पत्र वाचलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी डोक्यात दुसरं काही आलंच नाही. त्यांचा वैताग मला कळतो, मीपण वर्षानुवर्षं त्याच वैतागात गळाचं गवत सोडवत बसलोय, पण त्यांनी जो उपाय सांगितलाय तो मी डोळ्यांदेखत झालेला बघितलाय आणि त्यानंतर ओढ्याचे काय हाल झाले तेही बघितलंय, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय त्याबद्दल आधीच माफी मागतो.

झऱ्याचा ओढा आणि डोंगरावरून पावसाचं, बर्फाचं पाणी घेऊन उतरणारा ओढा यांची जातच वेगळी. डोंगरातल्या ओढ्याला पूर येतो, दगडगोटे गडगडतात, तळ खरवडून निघतो, तिथं गवताला मूळ धरायलाच सवड मिळत नाही. झऱ्याच्या ओढ्याला असा पूर जवळजवळ येतच नाही. ते पाणी जमिनीखालून खडकातून झिरपत झिरपत आलेलं असतं, महिनोन्महिने लागतात त्याला, काही ठिकाणी वर्षंही, त्यामुळे बाहेर ऊन असो की कडाका, उगमाशी त्याचं तापमान फारसं हलत नाही, बऱ्याच झऱ्यांवर ८ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. चुनखडीतून आलं असेल तर त्यात खनिजं भरपूर, आणि पाणी काचेसारखं नितळ त्यामुळे ऊन थेट तळाला पोचतं. आता ऊन आहे, खत आहे, धार एकसारखी आहे आणि वाहून नेणारं कुणी नाही म्हटल्यावर गवत येणारच ना हो. गवत आलं नाही तर उलट काळजी करायची. काश्मीरमध्ये कोकरनागला, अच्छाबलला ट्राउटच्या हॅचऱ्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या जागा, झऱ्यांच्या पाण्यावर उभ्या केल्यात त्या उगाच नाही, या माशाला असलंच थंड आणि न बदलणारं पाणी मानवतं.

दुसरं म्हणजे पाण्यात काही हिरवं दिसलं की आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो आणि घोळ इथंच सुरू होतो. ओढ्यात उतरून जवळून बघा. वॉटर क्रोफूट म्हणून एक वनस्पती आहे, तिचे लांबच लांब केसांसारखे झुपके धारेबरोबर डोलत असतात आणि मोसमात पाण्याच्या वर पांढरी फुलं येतात, मध्ये पिवळा ठिपका, ती दिसली की समजायचं पाणी वाहतं आहे आणि तब्येत चांगली आहे. काठाला वॉटरक्रेस असतं. संथ भागात स्टारवर्टच्या फिकट हिरव्या गाद्या असतात. कारा नावाचं एक आहे, शास्त्रानं तेही शेवाळच पण चांगल्यातलं, ते हातात घेतलं तर खरखरीत लागतं कारण त्यावर चुन्याचा थर बसतो, आणि वास असा उग्र की एकदा घेतलात तर विसरणार नाही. ही सगळी ओढ्याची घरची माणसं. आणि मग ते दुसरं, दोऱ्या दोऱ्यांचं, बुळबुळीत, गळाला कापसासारखं लपेटणारं, हाताला चिकटणारं, ते त्रासाचं शेवाळ, ते वाढलं की कुठंतरी गडबड आहे, पाणी कमी झालंय किंवा वरून शेतातलं खत नाहीतर सांडपाणी झिरपतंय. दोघांना एकच नाव देऊन एकच शिक्षा करून कसं चालेल.

चांगलं गवत काय काय करतं ते लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. उन्हाळ्यात धार बारीक होते तेव्हा हे झुपके बांधासारखं पाणी अडवून धरतात आणि ओढ्याची पातळी टिकते. दोन झुपक्यांच्या मधून जी चिंचोळी वाट उरते तिच्यातून पाणी जोरात निघतं, तिथली खडी घासून लख्ख राहते, आणि गाळ झुपक्यांच्या बुडाशी जाऊन बसतो. म्हणजे जोराची धार, संथ पाणी, सावली, उजेड, आडोसा, हे सगळं हातभर अंतरात मिळतं. ट्राउटला हेच हवं असतं, तो आडोशाला नाक धारेत घालून उभा राहतो, फार दमायचं नाही आणि वाहत येणारं खाणं आयतं तोंडात. त्याच लख्ख खडीत पुढं मादी शेपटीनं खड्डा करून अंडी घालते. आणि खाणं तरी कुठून येतं, तर गवतातून. ऑलिव्ह म्हणून ज्या बारीक मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या नाजूक माश्या, आहेत त्यांतल्या काहींच्या माद्या तर अंडी घालायला गवताच्या दांड्यावरून चालत पाण्याखाली उतरतात, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा गळ टाकायचं विसरून तसाच उभा राहिलो होतो.

आता जे झालं ते सांगतो. ओढ्याचं नाव सांगत नाही, कुणाचंच नाव घेत नाही, कारण कुणाला उघडं पाडायला हे पत्र नाही. तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात ज्यांच्याकडे त्या पट्ट्याची व्यवस्था आहे त्यांनी तक्रारी फार आल्या म्हणून मशीन उतरवलं आणि दोन दिवसांत या काठापासून त्या काठापर्यंत सगळं मुळासकट ओढून काढलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. काठावर छातीएवढे हिरवे ढीग, उन्हात वाफा निघताहेत, आणि जवळ गेलो तर ढिगातून बारीक तडतड आवाज येत होता. मला आधी कळेना कसला. दोन मुठी गवत उचललं, माझ्याकडे पांढरा प्लास्टिकचा टब असतो, त्यात पाणी घेऊन ते गवत झटकलं. सगळा टब वळवळायला लागला. गॅमरस, म्हणजे जवळ्याएवढी कमानीसारखी वाकडी दिसणारी कोळंबीच म्हणा, आडवी पोहणारी, ती तर मोजायच्या पलीकडे, साठापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. मेफ्लायची पिल्लं, तीन शेपट्यांची, गोगलगायी, कॅडिस माशीच्या अळ्या खड्याच्या नळीत बसलेल्या, आणि त्या सगळ्यात बोटाच्या पेराएवढं एक ट्राउटचं पिल्लू, अंगावर ते ठिपके आत्ताच उमटायला लागलेले. ते पिल्लू मी ओढ्यात सोडलं. फक्त दोन मुठीत एवढं होतं आणि ढीग तर पार वळणापर्यंत लागले होते. ती तडतड म्हणजे त्या कोळंब्या मरत होत्या.

ओढ्यात बघितलं तर काठच्या दगडावर आदल्या दिवशीची ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली. गवतच अडवत होतं ना पाणी, ते काढलं, पाणी निघून गेलं. तळातला गाळ उचकटल्यामुळे खालचा अख्खा पट्टा चहासारखा गढूळ, तो गाळ पुढं कुठं बसला असेल तर त्या अंडी घालायच्या खडीवरच. मशीनच्या दातातून सुटलेले गवताचे तुकडे खालच्या वळणावर तरंगत जाऊन अडकले, कुजले, वास सुटला. ज्या जागी संध्याकाळी सात आठ मासे हमखास वर यायचे तिथं त्या मोसमात मला एक दिसला नाही, उघड्या पाण्यात बगळे मात्र रांगेत. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते तरी साधलं का, तर नाही. पुढच्या वर्षी त्या उघड्या तळावर सगळ्यात आधी आलं ते बुळबुळीत शेवाळ, आणि खाली जिथं आधी एलोडिया नावाचं पाणगवत नव्हतं तिथं त्याची शेतं झाली, कारण एलोडियाचा बोटभर तुकडा जरी गाळात रुतला तरी त्याला मुळं फुटतात. मशीननं ते आख्ख्या ओढ्यात पेरून दिलं होतं.

म्हणजे गवत अजिबात कापूच नका असं मी म्हणतोय का, तर नाही, आणि हे मला स्पष्ट सांगायचंय कारण दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत जी हात लावू देत नाहीत. गवत फार दाटलं तरीही माशाचे हाल होतात. दिवसा उन्हात गवत ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच गवत ऑक्सिजन घेतं, त्यामुळे दाट, संथ भागात पहाटेच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळ्याच्या शेवटी जुनं गवत कुजायला लागलं की ते कुजणंही ऑक्सिजन खातं, आणि पाणी तापलेलं असेल तर मुळात त्यात मावतोच कमी, १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन राहू शकतो तो २० अंशांना ९ च्या आसपास येतो. ट्राउटला ५ च्या खाली गेलं की त्रास सुरू. त्यामुळे बाकी ओढ्यांवर पहाटेची वेळ चांगली म्हणतात ते खरं असलं तरी कुजत्या गवताच्या संथ पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात पहाटे मासा दमवू नये, तो हातातून सोडला तरी वाचेलच असं नाही. जरा ऊन वर येऊ द्यावं.

तर कापायचं कसं, हे इंग्लंडात हॅम्पशायरच्या टेस्ट आणि इचेन नद्यांवर जे करतात त्यावरून शिकण्यासारखं आहे. त्या चुनखडीच्या झऱ्यांवरच्या नद्या. तिथं गवत कापायच्या तारखा आधीच ठरवून जाहीर करतात, वरपासून खालपर्यंत सगळे त्याच दिवसांत कापतात, कारण एकानं आज कापलं आणि दुसऱ्यानं परवा तर खालच्या माणसाच्या अंगावर आठवडाभर तरंगतं गवत येत राहणार आणि त्याला गळ टाकताच येणार नाही. मासेमारी करणाऱ्यांना तारखा माहीत असतात, ते त्या दिवशी येतच नाहीत. पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या विळ्यानं कापायची जुनी पद्धत आहे, रुंद पात्रात विळ्यांची साखळी करून दोन काठांवरून दोघं ओढतात. मुळं तशीच ठेवतात. आणि सगळं एकदम कधीच नाही, बुद्धिबळाच्या पटासारखं एक चौकोन कापला एक ठेवला, किंवा आडवे पट्टे, एक ठेवायचा एक काढायचा, की पातळीही टिकते आणि धारही नागमोडी फिरते. काठाची झालर शक्यतो सोडून देतात, पिल्लं तिथं असतात.

याच चुनखडीच्या नद्यांपैकी विल्टशायरच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदी राखणारे होते, आयुष्य त्या काठावर गेलं, गाळ आणि गवत यांच्याशीच त्यांची रोजची झटापट. त्यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर एक निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखा दिसणारा नकली गळ, बांधली, दोरा नाहीच, ती आज जगभर वापरतात. मला वाटतं ही निम्फ गवताच्या ओढ्याकडे रोज बघणाऱ्या माणसालाच सुचू शकते, कारण तारेच्या वजनानं ती त्या चिंचोळ्या वाटेत चटकन खाली जाते, गवताला लागायच्या आत माशाच्या तोंडासमोर.

म्हणजे गवतात मासेमारी होत नाही हे काही खरं नाही, वेगळ्या तऱ्हेनं करावी लागते एवढंच. रुंद पाणी समजून लांब लांब फेकत बसलात तर गवतच येणार. मी आधी दहा मिनिटं नुसता काठावर बसतो, वाटा कुठं आहेत ते बघतो, मासा कुठल्या झुपक्याच्या टोकाशी आहे ते बघतो, मग त्या वाटेच्या वरच्या तोंडाशी फ्लाय, म्हणजे किड्यासारखा बांधलेला गळ, टाकतो, चार पाच हात वाहू देतो, उचलतो. त्याहून जास्त वाहू दिलं की गवत ठरलेलं. टिपेट, म्हणजे गळ बांधायचा टोकाचा दोरा, फार बारीक घेऊ नये, नितळ पाण्यात बारीकच हवं असं सगळे सांगतात पण गवतात ते तुटतं आणि गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो, ते फार वाईट वाटतं. मासा लागला की तो गवतात घुसणारच. तिथं बहुतेक जण वरच्या बाजूला उभे राहून जोर लावतात आणि गाठ आणखी घट्ट होते. गवताची टोकं धारेच्या दिशेला झुकलेली असतात, त्यामुळे आपण माशाच्या खालच्या बाजूला जायचं, रॉड खाली करायचा, लाईन हातात धरून हळू खालच्या दिशेला ओढायची, दोरा त्या पात्यांमधून केसातून कंगवा फिरावा तसा सरकत येतो. तरी नाही आला तर एकदम सैल सोडून मिनिटभर थांबायचं. ताण गेला की पुष्कळदा मासा आपणहून बाहेर येतो. आणि कृपा करून अडकलेला गळ सोडवायला अख्खा झुपका उपटू नका, मी लोकांना उपटताना बघतो आणि माझ्या पोटात कालवतं.

थर्मामीटर खिशात ठेवा, २० अंशांच्या वर पाणी गेलं की गळ गुंडाळून बसा. खडीवर पाय देत चालू नका. आणि एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट, वेडर (पाण्यात उतरायची विजार), जाळी धुऊन पूर्ण वाळवा, हे फार महत्त्वाचं आहे आणि फार थोडे करतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, तळावर ओल्या कांबळ्यासारखं पसरणारं, आणि ते बुटांच्या फेल्ट, म्हणजे नमद्यासारख्या, तळव्यातून पसरू नये म्हणून तिथं २००८ साली फेल्टचे तळवे वापरायलाच बंदी आणली. एका ओल्या बुटातून एवढं होऊ शकतं.

खरं दुखणं मात्र कापण्या न कापण्याच्या पलीकडे आहे. झऱ्याला पाणी देणारा जमिनीखालचा साठा पंपांनी उपसला की धार मंदावते, धार मंदावली की गाळ बसतो, क्रोफूट मरतं आणि शेवाळ माजतं, मग आम्ही ओरडतो की गवत झालं. काठाला झाडं ठेवली नाहीत, गुरं थेट पाण्यात उतरतात, खत वाहून येतं. अर्धी सावली अर्धं ऊन असलं की गवत आपोआप आवाक्यात राहतं, त्याला ना मशीन लागतं ना विळा. अमेरिकेत आयडाहोमधला सिल्व्हर क्रीक हा झऱ्यांचाच ओढा, उन्हाळ्यात तिथंही गवत दाट असतं, आणि लोक लांबून लांबून तिथं मासेमारीला जातात. त्याचा काही भाग १९७६ पासून नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या संस्थेनं राखीव केलाय आणि काळजी फक्त पाण्याची नाही, काठाचीही घेतली जाते.

आमच्या ओढ्याची सध्याची गोष्ट सांगायची तर तिसऱ्या वर्षी आता कुठं वरच्या वळणावर क्रोफूटचा एक झुपका परत आलाय, परातीएवढा असेल. मागच्या आठवड्यात त्याच्या टोकाशी एक ट्राउट होता, वीत दीड वीत, शेपटी हलवत उभा. दोनदा माझी फ्लाय गवताला लागली, तिसऱ्यांदा स्वच्छ गेली, तो वर आला, बघून परत खाली गेला. मी त्यानंतर टाकलीच नाही.

यंदाची छाटणी अजून ठरायची आहे असं ऐकतो. ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती आहे की तारीख निदान महिनाभर आधी कळवा, अंड्यांच्या दिवसांत तर हात लावू नका, निम्म्याहून जास्त गवत एका वेळी काढू नका, मुळं राहू द्या, आणि काढलेलं गवत लगेच ट्रॉलीत भरून नेण्याऐवजी एक रात्र पाण्याच्या कडेला, अर्धं पाण्यात टेकलेलं ठेवा, म्हणजे आतल्या जिवांपैकी ज्यांना परतता येईल ते तरी परततील. आणि ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं होतं त्यांना आग्रहाचं बोलावणं, छाटणीच्या दिवशी सकाळी काठावर या, मी पांढरा टब घेऊन येतोय, पहिली मूठ तुम्ही झटका.

आपला,
एक नियमित वाचक